पिवळ्या दिव्याची तपासणी

११ फेब्रुवारी. सकाळी ८.४०

नातीला शाळेत सोडून आत्ताच आलो. वाटेत डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. छोट्या गाडीचं चित्र आणि तिच्या चाकांमागे दोन नागमोडी रेघा. तीन-चारदा लुकलुकला आणि गेला. मला दिसायच्या आत मागच्या सीटवरून हवालदाराने वर्दी दिली. हवालदार म्हणजे नातच, वय वर्षं सात. घरात कोण किती वाजता उठलं, बिस्किटांचा डबा कोणी उघडला, झाकण कोणी नीट लावलं नाही, सगळं हिला ठाऊक असतं.

दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा. चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की गाडी आपणहून इंजिनाचा जोर आवरते आणि तसं करताना हा दिवा लुकलुकवते. उत्तम सोय. फक्त आज रस्ता ठणठणीत कोरडा होता. चाक घसरायला काही कारणच नव्हतं. म्हणजे दिवा खोटं बोलतोय.

चौतीस वर्षं मी कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात काढली आहेत. इतर लोक वस्तू मोजायचे, आम्ही मोजणाऱ्या यंत्रांना मोजायचो. वजनकाटा, दाबमापक, थर्मामीटर. बरोबर निघालं तर हिरवं स्टिकर, चुकीचं निघालं तर लाल. माझ्यापुढे असले दिवे खूप लुकलुकून गेले.

संकल्प: सात दिवसांत मूळ कारण शोधणे.

१२ फेब्रुवारी

आज दोनदा. एकदा तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना चढावर, एकदा शाळेच्या फाटकाशी.

तपासणीची रीतसर सुरुवात केली. हवालदाराला वही दिली. दिवा लागला की वेळ लिहायची, जागा लिहायची. तिने विचारलं की आणखी काही दिसलं तर तेही लिहू का. म्हटलं, अवश्य, निरीक्षकाने काही गाळायचं नसतं. तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि कामाला लागली. चांगला माणूस मिळाला आहे.

दुपारी चारही टायरांची हवा माझ्या स्वतःच्या गेजने मोजली. चारही बरोबर. इतकी बरोबर की संशय यावा.

१३ फेब्रुवारी

दिवा एकदा. चढावर.

हिला (म्हणजे आमच्या घरच्या सरकारला) सांगितलं. ही म्हणाली की गॅरेजमध्ये दाखवा आणि मोकळे व्हा, आणि तोवर हवालदाराला मी सोडते, शिकवणीची मुलं अर्धा तास उशिरा बोलावते. मी साफ नाही म्हटलं. मुलगा सहालाच बाहेर पडतो. सूनबाई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिची पाळी सातला सुरू होते. निवृत्त झाल्यापासून या घरात मला नेमून दिलेलं एकच काम आहे, ते म्हणजे हवालदाराला शाळेत सोडणं. जायला पंचवीस मिनिटं लागतात. त्यात ती मला वर्गातल्या सगळ्या भानगडी सांगते. उरलेला दिवस मी घड्याळाकडे बघत काढतो, हे घरात कोणाला माहीत नाही आणि सांगायचं कारणही नाही.

१४ फेब्रुवारी

गॅरेज. गॅरेजवाल्याने गाडीला संगणक जोडला. एकही दोष नोंदलेला नाही म्हणाला. सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, टायर ठीक. दिवा सतत जळत राहिला तर बिघाड, लुकलुकला तर यंत्रणा आपलं काम करतेय, म्हणजे चाक खरोखरच घसरतंय. असं त्याचं म्हणणं.

मग त्याने जरा आडून विचारलं की काका, सुटताना अॅक्सिलरेटर जोरात दाबला जातो का.

मी त्याला सांगितलं की केसाच्या जाडीचा फरक मी बोटाने सांगायचो. खुद्द जनरल मॅनेजर पाहुण्यांना घेऊन ते बघायला यायचे. तो म्हणाला की बोटाचं नाही, पायाचं विचारतोय. उद्धट आहे. पण लोक याच्याकडे रांगा लावतात, काय करणार.

शेरा: गॅरेजवाल्याचा संगणक शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला, हे त्याला सांगता आलं नाही.

१५ फेब्रुवारी. रविवार

गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. पान दोनशे चौदावर या दिव्याबद्दल गॅरेजवाला म्हणाला तेच छापलंय. दोघांनी एकाच ठिकाणी पाठ केलेलं दिसतं.

रविवार म्हणून शाळा नाही. रविवार मला फार लांबलचक वाटतो.

१७ फेब्रुवारी

दिवा तीनदा.

वेगळीच एक गंमत. सकाळी खाली फेरी मारून जिना चढून घरात आलो तर ही माझ्या पायांकडे बघतच राहिली. उजव्या पायात चप्पल नव्हती. पाच मिनिटांनी तळमजल्यावरचे पोस्टमास्तर चप्पल घेऊन वर आले. निवृत्त गृहस्थ आहेत, सकाळी फाटकाजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचतात. म्हणाले की पहिल्याच पायरीवर निघाली, मी हाकाही मारल्या, तुम्ही तसेच वर गेलात.

हल्लीच्या चपला. पकड म्हणून नाही. चप्पल बदलणे.

ही म्हणाली की चप्पल निघाली ते एक वेळ समजू शकते, कळलं कसं नाही? मी विषय बदलला. पोस्टमास्तरांना चहा विचारला.

१९ फेब्रुवारी

शास्त्रशुद्ध प्रयोग. तीच गाडी, तोच चढ, तोच रस्ता, फक्त चालक वेगळा. संध्याकाळी हिला गाडी चालवायला लावली, मी शेजारी वही घेऊन. पाच फेऱ्या मारल्या.

दिवा एकदाही लागला नाही.

रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला आणि उलगडा झाला. गाडी ही इतकी सांभाळून चालवते की दोषाला वर यायला वावच मिळत नाही. अशा रीडिंगला काही अर्थ नाही. पाचही नोंदी बाद केल्या. हिला तसं सांगितल्यावर ती ताटं उचलून आत गेली. तिची ही ताटं उचलण्याची पद्धत मला ओळखीची आहे. ती मनात काहीतरी जुळवत असते.

२२ फेब्रुवारी. रविवार

आज घरात जरा गडबड झाली.

दुपारी मी खुर्चीत बसून टायरांविषयी वाचत होतो. हवालदार फरशीवर वाकून काहीतरी बघत पुढेपुढे सरकत होती. फरशीवर लाल ठिपके होते. स्वयंपाकघरापासून सुरू होऊन बाहेरच्या खोलीतून माझ्या खुर्चीपर्यंत. खुर्चीशी ठिपके संपले. तिने माझा उजवा पाय उचलला. तळव्यात टाचणी रुतली होती, तिच्याच शाळेच्या तक्त्याची. डोकं तेवढं बाहेर.

मला काही जाणवलं नव्हतं. तसं मी सगळ्यांना अभिमानानेच सांगितलं. कारखान्यात उभं राहून राहून तळवे असे तयार झाले आहेत की टाचणीची काय बिशाद.

कोणी हसलं नाही. सूनबाईने टाचणी काढली, जखम धुतली आणि मग बराच वेळ दोन्ही पाय हातात घेऊन बघत बसली. बोटांच्या मध्ये, टाचेला. टाचेला एक जुना फोड आहे तो तिला सापडला. विचारलं की हा कधीचा. म्हटलं, कसला. तिने विचारलं की साखरेचा शेवटचा रिपोर्ट कुठे आहे. म्हटलं, फाइलमध्ये. फाइल कुठे आहे? शोधावी लागेल.

फाइल कुठे आहे मला माहीत आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांखाली. पण रिपोर्ट दीड वर्षापूर्वीचा आहे, त्यातले आकडे आता लागू होत नाहीत. जुन्या रीडिंगवर निर्णय घेणं चुकीचंच.

संकल्प: गोळ्या रोज घेणे. एक दिवसाआड पुरतात असं माझं मत होतं, ते तूर्त बाजूला.

२५ फेब्रुवारी

पुढचे दोन्ही टायर बदलले. गॅरेजवाला हात जोडून म्हणाला की काका, जुने अजून दोन वर्षं जातील. मी ऐकलं नाही. नवीन टायरांवर हिरवी स्टिकरं लावली, माझ्याकडे अजून अर्धं पाकीट शिल्लक आहे.

गॅरेजमधून रस्त्यावर येतानाच दिवा लागला. नवीन टायर जरा चालून रुळावे लागतात.

२७ फेब्रुवारी. सकाळी ९

हे लिहावं की नाही असा विचार करत होतो. लिहितो. नाहीतरी ही वही कोण वाचणार आहे.

शाळेच्या फाटकाशी गाडी उभी होती. पुढे रखवालदार हात आडवा करून मुलांना रस्ता ओलांडून देत होता. मुलं गेली. मी अगदी अलगद पाय टेकवला. निदान मला तरी अलगद वाटला. इंजिन एकदम किंचाळलं, खडी उडाली, दिवा लुकलुकला आणि पुढच्या क्षणी गाडीला कोणी मागून कॉलर धरून ओढल्यासारखा तिचा जोर गेला. रखवालदार बाजूला झाला होता. पूर्ण झाला नव्हता. त्याची शिट्टी तोंडातून खाली पडली.

मी काच खाली करून सांगितलं की सेन्सर खराब आहे. त्याने मान हलवली. माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघायचा प्रयत्न करत होता.

मागे हवालदाराची पाण्याची बाटली सीटखाली गेली होती. ती काढून देताना मी तिला म्हटलं की हे घरी सांगायचं काही कारण नाही. तिने विचारलं की वहीत लिहायचं का. मी म्हटलं, दिवा लागला तेवढं लिही, बाकीचं नको.

तेव्हापासून हे मनात घोळतंय. दोन आठवड्यांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं की निरीक्षकाने काही गाळायचं नसतं. तिला मी असं सांगायला नको होतं. वाईट वाटलं.

१ मार्च. रविवार

हवालदार झोपली असताना दुपारी तिची वही पाहिली. अक्षर गोल आहे, समास व्यवस्थित.

तिने माझ्या नकळत रकाने वाढवले आहेत. वेळ, जागा, आधी काय झालं, नंतर आजोबा काय म्हणाले. दिव्याच्या एकूण वीस नोंदी. ‘आधी काय झालं’ या रकान्यात एकोणीस वेळा लिहिलंय: इंजिन ओरडलं. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी: काही नाही बाळ. आजीच्या पाच फेऱ्यांना ती खिडकीतून बघत होती म्हणे, त्याचीही नोंद आहे: इंजिन ओरडलं नाही, आजोबा म्हणाले दिवा नाही.

सत्तावीस तारखेला फक्त ‘दिवा’ एवढंच लिहिलंय आणि पुढचे सगळे रकाने पट्टीने आडवी रेघ मारून बंद केले आहेत.

मुलांना क्रम कळत नाही. आधी इंजिन की आधी दिवा हे एवढ्या छोट्या अवधीत सांगणं मोठ्यांनाही अवघड. वही होती तशी ठेवून दिली. नंतर संध्याकाळी कुठे लक्ष लागलं नाही.

३ मार्च

सूनबाई पाळीवरून आल्या आल्या कापूस घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली. म्हणाली की बाबा, डोळे मिटा, पायाला कापूस लागला की ‘हो’ म्हणा, एवढंच.

डोळे मिटले. पहिल्यांदा काही कळलं नाही. वाट पाहिली. घर अगदी शांत. ही दाराशी उभी होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मुलगाही आला असावा. हवालदार नक्कीच होती. मला जाणवलं की सगळे थांबले आहेत आणि मी काहीतरी म्हणायला हवं. मी ‘हो’ म्हटलं. मग मनात तीन मोजले आणि पुन्हा ‘हो’. तीन मोजायचे, ‘हो’ म्हणायचं. कधी चार. अगदी नियमित नको म्हणून.

डोळे उघडले तेव्हा कापूस तिच्या मांडीवर होता. ती हळूच म्हणाली की बाबा, शेवटच्या पाच वेळा मी हात लावलाच नव्हता.

मी म्हणालो की कापूस हे काही प्रमाणित साधन नाही.

माझ्या विभागात एक सहकारी होता. यंत्राजवळ न जाता टेबलावर बसून रीडिंग भरायचा. हुशार होता, आकडे खऱ्यासारखे भरायचा, मुद्दाम थोडे वरखाली. त्याच्याविरुद्धची तक्रार मीच लिहिली होती. त्याची नोकरी गेली. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसाला स्वतःची लाज कशी वाटत नाही.

आता कशाला आठवलं कोण जाणे.

निर्णय: सोमवारी डॉक्टर. तोवर गाडीला हात लावायचा नाही. हवालदारासाठी सोमवारपासून शाळेची व्हॅन, या आठवड्यात ही सोडणार. निर्णय मुलाने सांगितला. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. सोमवारनंतर पुढे काय, असं मी विचारलं. पुढचं पुढे, म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळलं की पुढे काही नाही.

४ मार्च. सकाळी ८

दोघी गेल्या. गॅलरीतून बघितलं. चढावर गाडी कशी सरळ वर आली, दिवा लागला असेल असं वाटत नाही. हवालदार मागच्या सीटवर हातवारे करून काहीतरी सांगत होती. वर्गात काल काय झालं ते असणार. मला अर्धीच गोष्ट माहीत आहे. परवा दोन मुलींचं भांडण झालं होतं, त्यांचं पुढे काय झालं कळलं नाही.

५ मार्च. दुपारी ३

सापडलं!

सगळे झोपलेत. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत नुसता बसलो होतो. बसायला काही मनाई नव्हती. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, खाली, एक बटण आहे, त्यावर तेच घसरत्या गाडीचं चित्र. इतके दिवस तिकडे लक्ष गेलं नव्हतं. गाडी सुरू करून दाबून धरलं तर यंत्रणाच बंद होते. दिवा लागतो पण लुकलुकत नाही, शांत जळत राहतो. स्थिर रीडिंग.

म्हणजे गाडी माझ्यावर अविश्वास दाखवत होती, ती कटकटच संपली. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की यंत्रणा आपोआप परत चालू होते, तेव्हा दर वेळी बटण दाबायला विसरायचं नाही.

उद्या सकाळी छोटीशी चाचणी. ही अंघोळ करत असताना गाडी तळघरातून फक्त वर फाटकापर्यंत आणून ठेवायची. तिचाही चढ वाचेल. गाडी नीट वर आलेली सगळ्यांनी बघितली की सोमवारच्या गोष्टी आपोआप निवळतील. जागेवर असताना पायाने पेडल दाबून बघितलं. डावं ब्रेकचं, उजवं अॅक्सिलरेटरचं. गिअर नाहीत, दोनच पेडलं, चुकायला जागाच नाही.

आज फार दिवसांनी भूक लागली.

६ मार्च

झालं ते क्रमाने लिहितो.

हवालदार दप्तर घेऊन माझ्यामागे खाली आली. मी तिला वर जा म्हणायला हवं होतं. ती म्हणाली की आज तुम्ही सोडणार का. मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. तिचा चेहरा इतका फुलला होता की दुसरं काही तोंडातून निघेना. ती मागे बसली, तिचा पट्टा मी लावला, दोनदा ओढून बघितला. मग पुढे बसलो आणि बटण दाबलं.

चढाला लागलो. वर उजेड दिसत होता आणि उजेडात पोस्टमास्तरांची खुर्ची दिसत होती. पाठमोरी. मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी हळू व्हावी म्हणून. गाडी जोरात गेली. मी ब्रेक आणखी दाबला. ती आणखी जोरात गेली. टायर ओरडत होते. या वेळी कोणी मागून कॉलर धरली नाही.

खुर्ची चाकाखाली गेली तो आवाज मी ऐकला. मग भिंत.

इंजिन ओरडतच होतं. मी ब्रेक पूर्ण शक्तीने दाबून धरला होता, गुडघा दुखेपर्यंत. मागून हवालदाराने सांगितलं की आजोबा, पाय काढा. मी म्हणालो की बाळ, ब्रेकवर आहे. पट्टा सोडवून ती पुढच्या दोन सीटच्या मधून वाकून बघत होती. रडत नव्हती. तिने परत तेच सांगितलं, दुसऱ्यांना समजावून सांगतात तसं, सावकाश.

मी खाली बघितलं. पाय उजव्या पेडलवर होता.

काढला. निघाला की नाही हे पुन्हा बघून खात्री करावी लागली.

तिला काही झालेलं नाही. पट्ट्याचा वळ आहे खांद्यावर, बोटभर. डॉक्टरांनी तपासलं, सूनबाईने तपासलं, मग हिने पुन्हा तपासलं. पोस्टमास्तर पेपर घ्यायला फाटकाबाहेर गेले होते. वारा होता, पेपर उडाला होता, म्हणून वाकले होते, नाहीतर खुर्चीतच असते. मोडक्या खुर्चीचा एक पाय हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

घरी सगळ्यांनी आपापली कामं केली. आरडाओरडा झाला असता तर सोसलं असतं.

७ मार्च

दिवसभर पडून. हवालदार माझ्या खोलीत आली नाही. बोलावलं नाही म्हणून आली नसेल.

९ मार्च. सोमवार

सोमवारपर्यंत थांबायला नको होतं म्हणून डॉक्टरांनी झापलं. त्यांच्याकडे कापूस नाही, नायलॉनचा बारीक धागा असतो, तो ठरावीक दाबाने टेकवतात. प्रमाणित असतो. मी मुद्दाम विचारून घेतलं.

डोळे मिटले. दहा जागा. या वेळी मोजलं नाही, अंदाज केला नाही, जाणवलं तरच बोलायचं ठरवलं. फार वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं डॉक्टरांनी अजून सुरुवातच केली नसावी. एकदाच काहीतरी लागलं, पावलाच्या वर, घोट्याजवळ. ‘हो’ म्हणालो. डॉक्टर म्हणाले, झालं, डोळे उघडा.

साखरेने नसा गेल्या आहेत, आजच्या नाही, तीन-चार वर्षांपासून हळूहळू. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं. रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायचे. अनवाणी चालायचं नाही. गाडी नाही. शेवटचं दोन शब्दांत सांगितलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

रिक्षाने आलो. ही सगळा रस्ता माझा हात धरून बसली होती. हात मात्र अजून उत्तम आहेत, तिची बांगडी टोचत होती ते स्पष्ट कळत होतं.

१२ मार्च

गाडी दुरुस्त होऊन आली. ही शाळेच्या रस्त्याने एक चक्कर मारून आली. दिवा लागला नाही. गॅरेजवाल्याने फोनवर पुन्हा एकदा सांगितलं की गाडीत दोष कधीच नव्हता. मी त्याला म्हटलं की एक सेन्सर तरी बदलून टाकायला काय हरकत होती. त्याने बिलाचा आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

१६ मार्च. सकाळी ७.५०

व्हॅन फाटकाशी येते. गेला आठवडाभर हवालदाराला तिथवर पोचवायला मी जात होतो. निदान जिना आणि फाटक, सव्वाचार मिनिटं.

आज जिना उतरताना तिने माझं बोट धरलं होतं. पहिल्या पायरीला म्हणाली ‘पायरी’. दुसऱ्या पायरीला म्हणाली ‘पायरी’. प्रत्येक पायरीला थांबून माझ्या पावलाकडे बघायची, ते नीट टेकलं की मगच पुढे. चौदा पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा चौदा. खाली व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. व्हॅनमधली मुलं काचेला नाकं लावून बघत होती. मी म्हटलं की अगं, चल भरभर, उशीर होतोय तुला. ती भरभर चालली नाही.

फाटकापाशी तिने माझं बोट सोडलं आणि दप्तर पाठीवर नीट केलं. मी त्या भांडलेल्या दोन मुलींचं पुढे काय झालं ते विचारलं. म्हणाली की ते कधीच मिटलं, मी आजीला सांगितलं होतं.

मग व्हॅनच्या पायरीवर चढून, मागे वळून तिने मला सांगितलं की आजोबा, उद्यापासून खाली येऊ नका, वर जाताना तुमच्याबरोबर कोणी नसतं.

बरं म्हणालो.